महाविनाश, उत्क्रांती आणि कोकणचा कातळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पृथ्वीवरच्या जीवसृष्टीला वळण लावणाऱ्या मोठ्या आपत्तींचा विषय निघाला की बोलणं मेक्सिको नाहीतर सायबेरियाकडे वळतं. खरं तर त्यातल्या एका आपत्तीच्या अंगावरच कोकण वसलेलं आहे. घाट उतरताना, चिरेखाणीत, सड्यावर (म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट, उघड्या माथ्यावर) आणि मासळीबाजारात हटकून विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

महाविनाश नेमका कशाला म्हणतात?

प्रजाती नेहमीच नामशेष होत असतात. पण भूशास्त्राच्या हिशेबात थोड्या काळात, म्हणजे क्षणापासून काही लाख वर्षांपर्यंत, जमिनीवर आणि समुद्रात, जगभर एकाच वेळी बहुसंख्य, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, प्रजाती संपल्या, तर त्याला महाविनाश म्हणतात. गेल्या ५४ कोटी वर्षांत असे पाच मोठे प्रसंग मानले जातात : सुमारे ४४.५ कोटी, ३७.२ कोटी, २५.२ कोटी, २०.१ कोटी आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. पहिल्याच्या मुळाशी हिमयुग आणि उतरलेली समुद्रपातळी होती. दुसऱ्यात समुद्रातला प्राणवायू घटला. तिसरा आणि चौथा महाकाय लाव्हा-उद्रेकांशी जोडलेला आहे. पाचव्यात अवकाशातून आलेला दगड आणि आपला सह्याद्री घडवणारा लाव्हा, दोन्ही हजर होते.

म्हणजे आपत्तीतून नवे जीव तयार होतात?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. आपत्ती काही घडवत नाही. ती जागा रिकाम्या करते, एकत्र राहणाऱ्यांची ताटातूट करते आणि पायाखालची जमीन, पाणी, हवा बदलून टाकते. त्यानंतर वाचलेल्यांच्या पिढ्यांमध्ये नेहमीचीच नैसर्गिक निवड लाखो वर्षं चालते आणि नवे जीव तिच्यातून येतात.

दुसरा गैरसमज असा की जे सर्वांत ताकदवान ते वाचले. महाविनाशात बळी तो कान पिळी हा नियम चालत नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मगरी-कासवांसारखे काही अपवाद सोडले तर सुमारे २५ किलोपेक्षा जड असा जमिनीवरचा एकही प्राणी टिकला नाही. जे वाचले ते लहान होते, बिळात किंवा गोड्या पाण्यात राहणारे होते, बिया, किडे, कुजलेला पाला असं मिळेल ते खाणारे होते. हे गुण संकटासाठी घडलेले नव्हते. आधीच्या रोजच्या जगण्यात ते उपयोगी होते आणि त्या एका वेळी कामी आले, इतकंच.

कोकणातल्या काळ्या दगडाचा डायनासोरांच्या अंताशी संबंध आहे का?

आहे, आणि तो अगदी थेट आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. हा लाव्हा एखाद्या शंकूसारख्या ज्वालामुखीतून उडाला नाही. तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वाहिला आणि थरावर थर साचत गेला. आज हे थर सुमारे ५ लाख चौरस किमी भागावर उरले आहेत, मूळचा पसारा याहून बराच मोठा होता. पश्चिम घाटाजवळ त्यांची एकूण जाडी २००० मीटरहून जास्त भरते. एकूण लाव्हा १० लाख घन किमीच्या पुढे असावा असा अंदाज आहे. काही प्रवाह तर पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, सुमारे १००० किमी, पोचले. यातला बहुतेक भाग ६.६ कोटी वर्षांच्या आगेमागे, सात-आठ लाख वर्षांत बाहेर पडला.

या थरांना जी नावं दिली आहेत, त्यातली काही आपल्या ओळखीच्या गावांची आहेत : खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरच्या शोधनिबंधांत ‘पोलादपूर’ हे रायगडातलं नाव वारंवार येतं, कारण महाविनाशाच्या क्षणाच्या सर्वांत जवळचे मानले जाणारे उद्रेक याच थरांत आहेत.

मग डायनासोर उल्केने मेले की लाव्हाने?

आजचा पुरावा पाहता शेवटचा घाव उल्केचा होता. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत, इटलीतल्या गुब्बिओ इथल्या पातळ चिकणमातीच्या थरात इरिडियम हा धातू नेहमीच्या कितीतरी पट सापडल्याचं दाखवलं. पृथ्वीच्या कवचात इरिडियम अगदी नगण्य असतं, उल्कांमध्ये भरपूर. १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याखाली सुमारे १८० किमी व्यासाचं चिक्सुलुब विवर ओळखलं गेलं. आदळलेला दगड साधारण १० किमी रुंद होता. तिथल्या खडकात गंधकाची संयुगं होती. ती वाफ होऊन आणि आगींची काजळी हवेत जाऊन सूर्यप्रकाश कित्येक महिने अडला. प्रकाशसंश्लेषण थांबलं आणि अन्नसाखळी तळापासून कोसळली.

लाव्हाचा वाटा किती, यावर मात्र प्रामाणिक मतभेद आहेत. २०१९ मध्ये दोन गटांनी आपल्याच घाटांतल्या नमुन्यांची वयं काढली. एका गटाच्या मते लाव्हा चार मोठ्या उसळ्यांत आला आणि त्यातली पोलादपूरची उसळी टक्कर होण्याच्या काही दशसहस्र वर्षं आधीची होती. दुसऱ्या गटाच्या मते जवळपास तीन चतुर्थांश लाव्हा टक्कर झाल्यानंतर बाहेर पडला. दोन्ही गट पद्धतीने चोख आहेत. त्यामुळे ‘लाव्हाने आधी सगळं खिळखिळं केलं होतं’ असं ठामपणे सांगणाऱ्या लेखाकडे सावधपणे पाहावं. ‘लाव्हाचा काही संबंधच नाही’ असं म्हणणाऱ्या लेखाकडेही तसंच.

लाव्हा तर हळू वाहतो. तो जीव कसा घेतो?

मारतो तो वायू. लाव्हाबरोबर गंधक डायऑक्साइड, कर्ब डायऑक्साइड, क्लोरीन आणि फ्लोरिन बाहेर पडतात. गंधकाचे सूक्ष्म कण हवेत राहून काही वर्षं गारवा आणतात आणि आम्लपाऊस पाडतात. कर्बवायू हजारो वर्षं टिकतो, त्याने तापमान वाढतं. समुद्र तो शोषून घेतो तेव्हा पाणी आम्लधर्मी होतं आणि चुन्याचे शिंपले बांधणं अवघड होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून खोल समुद्र गुदमरतो. जीवसृष्टीला गारठा आणि ताप हे दोन्ही पाठोपाठ सोसावे लागतात, आणि पहिल्यातून सावरण्याआधी दुसरा येतो.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून आइसलँडचं उदाहरण घ्या. १७८३ मध्ये तिथे लाकी नावाच्या भेगेतून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किमी लाव्हा आणि अंदाजे १२ कोटी टन गंधक डायऑक्साइड बाहेर पडला. फ्लोरिनने गवत विषारी झालं, गुरं मेली आणि देशाची साधारण पाचवा हिस्सा लोकसंख्या दुष्काळात दगावली. सह्याद्रीच्या लाव्हाचं आकारमान याच्या हजारो पट आहे. फरक एवढाच की तो एका दमात आला नाही. दोन प्रवाहांमध्ये कधी शेकडो, कधी हजारो वर्षं गेली, आणि तेवढ्यात झाडं उगवली, तळी भरली, बेडूक आले.

त्या मधल्या काळाचा पुरावा कुठे दिसतो?

आंबेनळी घाटात. रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे नीट पाहा. काळ्या-करड्या जाड थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टे दिसतात. त्यांची जाडी कधी बोटभर, कधी मीटरभर असते. हे ‘लाल बोल’. एक प्रवाह थंड झाला, त्याचा माथा पावसाने झिजला किंवा त्यावर राख-माती साचली, आणि पुढच्या प्रवाहाने ती भाजून वरून झाकून टाकली.

पाहताना खालून वर जा. आधी थराचा तळ शोधा. तिथे दगड घट्ट असतो. माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांची भोकं वाढत जातात आणि त्यांत पांढरे, कधी हिरवट स्फटिक भरलेले असतात. ही झिओलाइटसारखी खनिजं नंतर पाण्यातून साचली. त्यांचा जीवाश्मांशी संबंध नाही. भोकांचा भाग संपून लाल पट्टा लागला की एक प्रवाह संपला असं समजा. दहापट मोठं करणारं भिंग पुरेसं आहे. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. लाल बोल मऊ असतो, पाण्याने सुटतो, आणि वरचा दगड आधार गेल्यामुळे निसटतो. दरडी बऱ्याचदा याच सांध्यावर सुटतात. गाडी वळणावर न थांबवता मोकळी जागा पाहून लावा.

किनाऱ्यावर अलिबाग ते मुरुड पट्ट्यात ओहोटीच्या वेळी आडव्या थरांना छेदून गेलेल्या सरळ, उभ्या दगडी भिंती दिसतात. ते डाइक : भेगेत वर चढता चढता थिजलेला लाव्हा. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे ६० मीटर उंच सुळका लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या खांबांचा बनलेला आहे.

दगडाचं वय इतकं नेमकं कसं कळतं?

दोन घड्याळं वापरली जातात. पहिलं पोटॅशियमचं. पोटॅशियम-४० हळूहळू आर्गॉनमध्ये बदलतो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा भाग बदलायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं आहे. बेसॉल्टमधले फेल्डस्पार या खनिजाचे कण निवडून तापवतात आणि सुटणारा आर्गॉन मोजतात. दगड झिजलेला असेल तर आर्गॉन आधीच निसटलेला असतो आणि वय कमी निघतं. म्हणून ताजा, न गंजलेला दगड निवडणं हे अर्धं काम.

दुसरं घड्याळ युरेनियमचं, आणि ते जास्त काटेकोर आहे. त्यासाठी झिरकॉन या खनिजाचे स्फटिक लागतात. पंचाईत अशी की बेसॉल्टमध्ये सिलिका कमी असल्याने झिरकॉन सहसा तयारच होत नाहीत. मग ते शोधतात लाल बोलमध्ये. दुसऱ्या, सिलिका जास्त असलेल्या उद्रेकांची राख उडून त्या मातीत अडकलेली असते. काही किलो माती आणायची, धुवायची, चाळायची, चुंबकाने लोहकण काढायचे, जड द्रवात टाकून झिरकॉन तळाला बसवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचायचे. भट्टीत तापवून आम्लाने त्यांचा बिघडलेला भाग विरघळवतात आणि उरलेल्यातलं युरेनियम व शिसं मोजतात. चूक राहते ती साधारण काही दशसहस्र वर्षांची. मुख्य धोका असा की एखादा झिरकॉन त्याहून जुन्या खडकातून वाहून आलेला असतो. म्हणून एका थरातले अनेक कण तपासून त्यातले सर्वांत तरुण पाहतात.

कोकणात डायनासोरांचे जीवाश्म का सापडत नाहीत?

कारण इथला दगडच लाव्हाचा आहे, आणि त्यात हाडं टिकत नाहीत. ज्या गाळात डायनासोर पुरले गेले तो लाव्हाच्या खाली आहे. कोकणात त्यावर शेकडो मीटरचं ओझं असल्याने तो उघडा पडत नाही. लाव्हाच्या कडेला, जिथे थर पातळ आहेत, तिथे तो दिसतो : जबलपूर, गुजरातेतलं रहिओली, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली डोंगरगाव व पिसदुरा. डोंगरगावला आयसीसॉरस हा लांब मानेचा डायनासोर मिळाला. पिसदुऱ्याच्या डायनासोर-शेणाच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण आढळले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, हा जुना समज २००५ मध्ये त्यामुळे मोडला.

कोकणच्या बाजूला सर्वांत मोलाचा ठेवा मुंबईत आहे. वरळी-मलबार हिल भागात दोन प्रवाहांमधल्या तळ्याच्या गाळात १९ व्या शतकातच छोटे बेडूक आणि कासव सापडले. बेडकाचं नाव इंडोबॅट्रॅकस. हे थर घाटातल्या मुख्य लाव्हापेक्षा तरुण आहेत. एवढी उलथापालथ होऊन गेल्यावर इथे गोड्या पाण्याचं तळं होतं आणि त्यात बेडूक सुखाने राहत होते, हे त्यातून कळतं.

आमच्या शेतात गोल दगड मिळाले. ती डायनासोरची अंडी आहेत का?

कोकणात असाल तर जवळपास नक्कीच नाहीत. बेसॉल्ट झिजताना त्याचे कोपरे आधी गळतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत आत गोल गाभा उरतो. फोडलेला तुकडा पाहा. पापुद्र्यांवर पापुद्रे थेट गाभ्यापर्यंत असतील, तर तो झिजलेला दगड. अंड्याला बाहेर एकच कवच असतं, एक ते तीन मिलिमीटरच्या आसपास. भिंगातून त्यावर बारीक छिद्रं किंवा गाठी दिसतात आणि आत गाळ भरलेला असतो. उलट प्रकारही घडतो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात ‘काकड भैरव’ म्हणून पुजले जाणारे गोल दगड खरोखरच डायनासोरची अंडी निघाले. तिथे तो गाळाचा थर उघडा आहे, हा फरक महत्त्वाचा. दगडाच्या भेगेत झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी दिसली तर तीही बहुतेक मॅंगनीजची असते, वनस्पतीची नव्हे.

त्या महाविनाशातून वाचलेल्यांपैकी आपल्या आसपास कोण आहे?

चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. त्यांच्या पूर्वजांना महिनोन्महिने उपाशी राहता येत होतं, आणि नदीतली अन्नसाखळी वाहून आलेल्या कुजक्या पाल्यावरही चालत होती. वेळास-आंजर्ल्याला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले ज्या समुद्री कासवांच्या घराण्यातली आहे, तेही त्या संकटाच्या आधीपासूनचं. मुशी आणि पाकट यांचं घराणं तर पाचपैकी बहुतेक महाविनाश पाहून आलेलं आहे. पक्षी म्हणजे डायनासोरांचीच वाचलेली शाखा. जगभरची जंगलं कोसळली तेव्हा झाडावर राहणारे पक्षी संपले आणि जमिनीवर फिरणारे उरले, असं आजचा पुरावा सांगतो.

बेडकांची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१७ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार आजच्या बेडकांपैकी सुमारे ८८ टक्के प्रजाती अशा तीन वंशांतल्या आहेत, जे त्या महाविनाशानंतरच झपाट्याने फुलले. मृगाच्या पहिल्या पावसात रात्रभर चालणारं ओरडणं बहुतांशी त्याच तीन वंशांचं.

सुरमई, बांगडा आणि पापलेट यांचं नातं आहे म्हणतात, ते खरं का?

खरं, आणि त्याचा संबंध याच आपत्तीशी आहे. समुद्रातले मोठे शिकारी संपल्यावर वरच्या पाण्यातली जागा मोकळी झाली. २०१३ मध्ये जपानी संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की सुरमई-बांगडा-कुपा यांचं कुळ आणि पापलेटचं कुळ धरून एकूण १५ कुळं एकाच पूर्वजापासून, महाविनाशानंतरच्या काळात, वेगाने वेगळी झाली. तो पूर्वज बहुधा खोल पाण्यातला होता. शरीराचे आकार इतके वेगळे, की केवळ बाह्यरूप पाहणाऱ्यांना हे नातं ओळखू आलं नव्हतं. हलवा मात्र या घराण्यातला नाही. पापलेटसारखा दिसत असला तरी तो वेगळ्या कुळातला आहे. बाजारात शेजारी मांडलेल्या या दोघांपेक्षा पापलेट आणि बांगडा एकमेकांना जवळचे.

समुद्रतळाच्या गाळातून मिळालेले दातही हेच सांगतात. महाविनाशानंतर शार्कच्या खवल्यांच्या तुलनेत हाडांच्या माशांचे दात एकदम वाढलेले दिसतात.

मालवणची प्रवाळं आणि तिसऱ्या (शिंपले) या कोणत्या आपत्तीची देणगी?

२५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या. सायबेरियात प्रचंड लाव्हा आला, तोही कोळशाच्या आणि क्षारांच्या थरांतून वाट काढत, त्यामुळे वायू दुप्पट घातक झाले. समुद्रातल्या जवळपास ९० टक्के प्रजाती संपल्या आणि मुख्य घाव साधारण ६० हजार वर्षांत बसला. जुन्या घडणीची प्रवाळं तेव्हा नाहीशी झाली. त्यानंतर ५० लाख ते १ कोटी वर्षं जगात प्रवाळभित्तीच नव्हत्या. आज सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आणि समुद्रातल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर जी कठीण प्रवाळं आहेत त्यांचा गट सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी, त्या रिकाम्या समुद्रात प्रथम दिसू लागतो.

तिसऱ्या, कालवं यांसारख्या दोन शिंपांच्या प्राण्यांचंही तसंच. त्याआधी समुद्रतळावर ब्रॅकिओपॉड या वेगळ्याच शिंपल्यांचं राज्य होतं. त्यांना तो घाव जबर बसला आणि तिसऱ्यांचे पूर्वज, ज्यांची कल्ले व चयापचयाची व्यवस्था जास्त कार्यक्षम होती आणि ज्यांना वाळूत गाडून राहता येत होतं, ते पुढे आले. जमिनीवर त्याच काळातून तगलेल्या लिस्ट्रोसॉरस या प्राण्याची हाडं दक्षिण आफ्रिका, अंटार्क्टिका आणि आपल्याकडे राणीगंज भागात सापडतात.

कोकणचा किनारा असा सरळ कापल्यासारखा का?

कारण तो खरोखर तुटलेला आहे. लाव्हाचा जोर ओसरत असताना, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा (आज हिंद महासागरातली बेटं) तुकडा वेगळा झाला. पनवेलच्या परिसरात लाव्हाचे थर पश्चिमेकडे वाकलेले दिसतात, ती याच ताणाची खूण. उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर, गणेशपुरी या गरम झऱ्यांची माळही साधारण किनाऱ्याला समांतर, जुन्या भेगांच्या पट्ट्यात आहे.

या फुटीने जीवांची ताटातूट केली. आंबोली परिसरात मातीत राहणारं देवगांडूळ गांडूळ नसतं. तो पाय नसलेला उभयचर आहे. त्याचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेत नाहीत, सेशेल्समध्ये आहेत. खाऱ्या पाण्यात ते टिकत नाहीत, म्हणजे पोहून गेले असण्याचा प्रश्नच नाही. जमीनच त्यांना घेऊन गेली. केरळच्या घाटात २००३ मध्ये वर्णन झालेला जांभळा बेडूक हाही सेशेल्सच्या बेडकांचाच नातलग.

सड्यावरचा जांभा या गोष्टीत कुठे बसतो?

आमच्या मते कोकणासाठी हाच सर्वांत महत्त्वाचा भाग. बेसॉल्टवर उष्ण हवेत मुसळधार पाऊस प्रदीर्घ काळ पडत राहिला. त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. तोच जांभा. चिरेखाणीत वरून खाली पाहा : माथ्यावर कठीण कवच, मग चिरे काढण्याजोगा सच्छिद्र जांभा, त्याखाली रंगीत ठिपक्यांची चिकणमाती आणि तळाला काळा कातळ. जांभ्यातून झिरपलेलं पाणी चिकणमातीवर अडतं, म्हणून सड्याच्या पायथ्याशी झरे आणि विहिरी असतात. बेसॉल्ट असा झिजताना हवेतला कर्बवायूही खर्ची पडतो. ज्या लाव्हाने हवा बिघडवली त्याच्याच दगडाने पुढच्या कोट्यवधी वर्षांत ती निवळायला हातभार लावला.

सड्यावर माती काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. चार महिने पाणी तुंबलेलं, आठ महिने रखरखाट, आणि नत्र-स्फुरद नावापुरते. इथे जंगल वाढू शकत नाही, म्हणून लहान वनस्पतींना जागा मिळाली. सीतेची आसवे आणि दवबिंदू कीटक पकडून नत्र मिळवतात. गेंद साचलेल्या पाण्यात वाढतो आणि पाणी आटायच्या आत बी धरतो. कोकणातच आढळणारी दीपकाडी कंदाच्या रूपात उन्हाळा काढते आणि पावसाच्या सुरुवातीलाच पांढरी फुलते. जुलै ते सप्टेंबर पाहायला उत्तम काळ. मळलेल्या वाटेवरूनच चाला, पाणथळ खळग्यांत पाय देऊ नका, आणि कंद उपटू नका.

सरकारी नोंदींत सडा बहुधा पडीक असतो, आणि त्या एका शब्दामुळे सुरुंग लावून खड्डे करणं किंवा भराव घालणं सोपं होतं. कवच फोडलं की पाण्याची वाट बदलते आणि ही झाडं परत येत नाहीत.

अगदी जुन्या काळात, प्राणी येण्याआधी, अशा आपत्ती होत्या?

होत्या. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला. तेव्हाच्या बहुतेक सूक्ष्मजीवांना तो विषारी होता. पुढे ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी दोनदा जवळपास विषुववृत्तापर्यंत गोठली. त्यानंतर हिमनद्यांनी दळलेल्या खडकातली पोषकद्रव्यं समुद्रात आली, शैवालांची भरभराट झाली आणि मोठ्या आकाराचे पहिले जीव त्यापाठोपाठ दिसतात.

निसर्गसारखं चक्रीवादळही उत्क्रांती घडवतं का?

लहान प्रमाणात, काही वेळा. २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया या वादळांच्या आधी व नंतर कॅरिबियन बेटांवरचे सरडे मोजले गेले. वाचलेल्यांची बोटांखालची चिकट गादी मोठी आणि पुढचे पाय लांब होते. गॅलापागोसमध्ये १९७७ च्या दुष्काळात मोठ्या चोचीच्या फिंच पक्ष्यांना कठीण बिया फोडता आल्या, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी झाली.

पण गुण आनुवंशिक हवा आणि वाचलेल्यांनी प्रजनन करायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळी झोपवल्या. ज्या उभ्या राहिल्या त्या बऱ्याचदा आडोशामुळे, आणि नवी लागवड माणसाने रोपवाटिकेतून केली. तिथे निवड निसर्गाची उरत नाही.

महाविनाशानंतर सावरायला किती काळ लागतो?

नेचे सर्वांत आधी येतात. त्यांचे बीजाणू वाऱ्यावर जातात. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांवर नेच्यांच्या बीजाणूंची एकदम वाढ दिसते, तसंच छोट्या प्रमाणात दरड कोसळलेल्या उघड्या उतारांवरही घडतं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या कोरल ब्लफ्स इथे सस्तन प्राण्यांचा हिशेब मिळाला आहे : १ लाख वर्षांत आकार पूर्वपदावर, ७ लाख वर्षांत ५० किलोच्या आसपासचे प्राणी, आणि त्याच सुमारास शेंगावर्गीय झाडांच्या शेंगाही. सायबेरियन लाव्हानंतर मात्र प्रवाळभित्ती उभ्या राहायला ५० लाख ते १ कोटी वर्षं गेली. कारण घाव एकदाच बसून थांबला नाही, तापमान पुन्हा पुन्हा चढत राहिलं.

सध्या सहावा महाविनाश चालू आहे का?

तीन चतुर्थांश प्रजाती अजून संपलेल्या नाहीत, त्यामुळे शब्दशः नाही. काळजीची गोष्ट वेगाची आहे. माणूस इंधनातून दरवर्षी ३,५०० कोटी टनांहून जास्त कर्ब डायऑक्साइड सोडतो, जगातले सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. वाळूच्या तापमानावर कासवाच्या पिल्लांचं लिंग ठरतं, साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त निघतात. म्हणून वेळासची घरटी हलवताना सावली आणि खोली सांभाळणं आता अधिकच महत्त्वाचं आहे.

विहीर खणताना किंवा चिरेखाणीत काही वेगळं दिसलं तर काय करावं?

काढू नका. आधी शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून लांबून आणि जवळून फोटो घ्या. मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपा आणि जमिनीपासूनची खोली मोजा. वर-खाली कोणता थर आहे ते लिहा, कारण थर माहीत नसलेल्या जीवाश्माची किंमत जवळजवळ संपते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली काळपट, कोळशासारखी माती किंवा लाकूड लागलं तर तो लिग्नाइट, म्हणजे कच्चा कोळसा, असू शकतो. त्यात पानं, फळं, परागकण टिकलेले असतात आणि हवा लागताच ते तडकतात. तुकडा निखळलाच असेल तर ओलसर ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, उन्हात वाळवू नका, पाण्याने घासू नका. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था किंवा जवळच्या महाविद्यालयातला भूशास्त्र विभाग यांना फोटोसह कळवा. खाणीत उतरायचं असेल तर मालकाची परवानगी घ्या, आणि उभ्या कापलेल्या भिंतीच्या अगदी पायथ्याशी थांबू नका. जांभ्याचं कवच खालून पोखरलेलं असलं तरी वरून ते कळत नाही.